डीडीटीवाला म्युलर : बासेल ते नागपूर

डीडीटी हे नाव तुम्ही ऐकलंय. बहुतेक आजीच्या तोंडून. ढेकूण झाले की डीडीटी, मुंग्या झाल्या की डीडीटी, धान्याच्या कोठीखालीही डीडीटी. गावात फवारणीवाले आले की घरातलं सामान अंगणात काढायचं, ते भिंतींवर पांढरट थर मारणार आणि पुढच्या घरी जाणार. या तीन अक्षरांमागं एक माणूस आहे, त्याला याच पावडरीसाठी नोबेल मिळालं होतं, हे मात्र फार कुणाला माहीत नसतं. त्याहून गंमत म्हणजे, त्यानं जे शोधलं ते निस्तरायचं काम जगात ज्या मोजक्या ठिकाणांकडे सोपवलंय, त्यातलं एक आपल्या नागपुरात आहे. वर्धा रोडजवळची नीरी. तुम्ही तिच्या गेटवरून शंभर वेळा गेला असाल.

माणसाचं नाव पॉल हर्मान म्युलर. जन्म १२ जानेवारी १८९९, स्वित्झर्लंडमधल्या ओल्टेन गावात. वडील रेल्वेत नोकरीला. म्हणजे बदल्या आल्याच. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जे वाढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आधी लेन्झबुर्ग, मग बासेल. तिथं मात्र कुटुंब स्थिरावलं आणि म्युलरचं सगळं आयुष्य पुढं याच शहराभोवती गेलं.

इथं एक काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि बासेल शोधा. शहराच्या मधून ऱ्हाईन नदी जाते. शहर स्वित्झर्लंडचं, पण एका कडेला फ्रान्स आणि दुसऱ्या कडेला जर्मनी. नदी पुढं या दोन देशांमधून, मग जर्मनीतून वाहत नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. बासेलमध्ये नदीत काही सोडलं, तर खालच्या देशांतले लोक ते पितात. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा-वर्धा मिळून प्राणहिता आणि ती गोदावरीला. आपणही कुणाच्या तरी वरच्या अंगालाच राहतो. हा नकाशा डोक्यात राहू द्या, पुढं लागेल.

पोराला लहानपणापासून खटपटीचा नाद. घरातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत फोटोच्या काचा धुवायच्या, रेडिओचे भाग जुळवायचे. शाळेत फार रस नाही. १९१६ साली शाळा सोडून तो एका केमिकल कंपनीत लॅब असिस्टंट म्हणून लागला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये. आजच्या भाषेत गॅप घेतला म्हणा. पण दोन वर्षांत त्याच्या लक्षात आलं, की बाटल्या धुण्यापलीकडं जायचं तर शिकावंच लागेल. १९१८ ला तो परत शाळेत बसला, १९१९ ला डिप्लोमा घेतला आणि बासेल विद्यापीठात रसायनशास्त्राला प्रवेश घेतला. १९२५ साली पीएचडी. आणि त्याच वर्षी मे महिन्यात जे. आर. गायगी या बासेलच्याच कंपनीत नोकरी. ही कंपनी त्यानं निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. ३६ वर्षं एक कंपनी! आपल्या पिढीला हे वाचून घाम फुटेल.

गायगी तेव्हा मुख्यतः रंगांची कंपनी. म्युलरचं सुरुवातीचं कामही वनस्पतींपासून मिळणारे रंग आणि कातडं कमावायला लागणारी द्रव्यं यावर. त्यानं कृत्रिम द्रव्य तयार केलं, त्यानं पांढरंशुभ्र कातडं कमावता यायचं. मग कंपनीचं लक्ष लोकरीला लागणाऱ्या कसरीकडं गेलं आणि तिथून किड्यांच्या विषाचा विषय सुरू झाला. मधल्या काळात म्युलरनं बीजप्रक्रियेसाठी एक औषध काढलं. तेव्हा बियाण्याला पाऱ्याची संयुगं लावत, ती माणसालाही घातक. याचं औषध त्यापेक्षा सुरक्षित होतं. हे मुद्दाम सांगतोय. कारण डीडीटीची गोष्ट सांगताना म्युलरला बेफिकीर कंपनीवाला ठरवून मोकळं होणं फार सोपं असतं. तो तसा नव्हता. दुसऱ्याला कमी त्रास होईल असं विष शोधणं, हेच त्याचं काम होतं.

१९३५ साली त्यानं नवीन कीटकनाशकाचा शोध सुरू केला. तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काय होतं? शिसं आणि आर्सेनिक असलेली जहरी पावडर, तंबाखूतलं निकोटिन, नाहीतर शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम. जहरी पावडरीनं माणसंही मरत. फुलांचं औषध महाग, आणि उन्हात एका दिवसात त्याचा जोर संपायचा. किड्यानं ते खाण्याचीही वाट बघायला नको, नुसता पाय लागला तरी मेला पाहिजे, असं स्पर्शविष म्युलरला हवं होतं.

त्यानं आधी अटींची यादी बनवली. किड्यांसाठी जबरदस्त विषारी. परिणाम झटपट. माणूस, जनावरं आणि झाडं यांना त्रास नाही किंवा अगदी थोडा. वास नाही, झोंबणं नाही. जितक्या जास्त प्रकारच्या किड्यांवर चालेल तितकं बरं. किंमत कमी. आणि एक अट अशी, की औषध टिकलं पाहिजे. ऊन, पाऊस, हवा यांनी त्याचं काही बिघडता कामा नये. एकदा मारलं की कित्येक आठवडे बघायला नको.

ही शेवटची अट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट तिच्यावर फिरते.

चार वर्षं गेली. एकामागून एक संयुग बनवायचं, काचेच्या पेटीत फवारायचं, निळ्या माश्या सोडायच्या आणि बघत बसायचं. ३४९ संयुगं फेल गेली असं सांगतात. सप्टेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं त्याच महिन्यात, एक पांढरी पावडर चालली. माश्या लगेच नाही मरायच्या, थोडा वेळ घ्यायच्या, पण मरायच्या नक्की. मग एक विचित्र अडचण आली. म्युलरनं पेटी घासूनपुसून साफ केली आणि नवीन माश्या सोडल्या, आतमध्ये औषध अजिबात न मारता. त्यासुद्धा काचेला पाय लागताच खाली पडू लागल्या. पुन्हा धुतली, पुन्हा तेच. शेवटी पेटीचे भाग सुटे करून, धुऊन, सुमारे महिनाभर उघड्या हवेत ठेवावे लागले, तेव्हा कुठं पुढचा प्रयोग करता आला.

आज आपण हे वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. जे धुतलं जात नाही, ते शेतातून, नदीतून, अंगातून तरी कसं जाईल? पण १९३९ साली या प्रसंगाचा अर्थ एकच होता. यश! हवं होतं तेच मिळालं होतं.

खरं तर हे संयुग नवं नव्हतंच. ओथमार झायडलर नावाच्या विद्यार्थ्यानं १८७४ सालीच ते स्ट्रासबुर्गच्या लॅबमध्ये बनवलं होतं, आणि त्याचा काही उपयोग आहे का हे न बघता कागदावर नोंदवून ठेवलं होतं. स्ट्रासबुर्ग हे बासेलच्या खाली, त्याच ऱ्हाईनच्या काठावरचं गाव. ६५ वर्षं ते तसंच पडून राहिलं. ज्यांची प्रोजेक्टं कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलीत त्यांनी यातून हवा तो दिलासा घ्यावा.

मार्च १९४० मध्ये गायगीनं स्विस पेटंटसाठी अर्ज केला. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यावर औषध लागू पडलं आणि युद्धामुळं अन्नाची चणचण असलेल्या स्वित्झर्लंडला मोठा आधार मिळाला. मग नमुने ब्रिटन-अमेरिकेकडं गेले. युद्धात गोळीइतकीच माणसं रोगानं मरतात. उवांमधून पसरणारा टायफस, हा आपल्याकडच्या टायफॉइडहून वेगळा, छावण्याच्या छावण्या रिकाम्या करत होता. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्समध्ये टायफस पसरला, तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांच्या कपड्यांत डीडीटीची पावडर मारली गेली आणि ऐन थंडीत साथ आटोक्यात आली. अशी साथ भर हिवाळ्यात थांबवणं त्याआधी कुणाला जमलं नव्हतं.

१९४८ साली म्युलरला नोबेल मिळालं. रसायनशास्त्राचं नाही, वैद्यकशास्त्राचं. तो डॉक्टर नव्हता, कारखान्यात नोकरी करणारा केमिस्ट होता. पारितोषिक त्याला एकट्याला होतं, वाटेकरी कुणी नाही.

आणि आपल्याकडं? स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी भारतात मलेरियाचे अंदाजे साडेसात कोटी रुग्ण होते आणि वर्षाला सुमारे आठ लाख माणसं दगावत होती. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, मुख्य हत्यार डीडीटी. त्यासाठी सरकारनं १९५४ साली हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही स्वतःची कंपनीच काढली. पुढं तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला आला. १९६५ पर्यंत मलेरियाचे रुग्ण वर्षाला एक लाखाच्या आसपास आले. आठ लाख मृत्यूंवरून जवळपास शून्यावर. तुमच्या-माझ्यापैकी कितीजणांचे आजोबा-पणजोबा त्या फवारणीमुळं वाचले असतील, याची मोजदाद कोण करणार? डीडीटीला शिव्या घालण्याआधी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

घरी म्युलर साधा माणूस होता. १९२७ मध्ये त्यानं फ्रीडेल ऱ्युएगसेगरशी लग्न केलं. दोन मुलगे, एक मुलगी. नवरा-बायको मिळून बासरी आणि पियानो वाजवायचे. ज्युरा डोंगरात सुट्टीचं छोटं घर होतं. पहाटे मुलांना घेऊन फिरायला जायचं, डोंगरी रानफुलांचे फोटो काढायचे, बागेत राबायचं. निसर्गाचा वैरी म्हणून ज्याचं नाव पुढं घेतलं गेलं, त्याच्या सुट्ट्या अशा जायच्या.

तडे लवकरच दिसू लागले होते. नोबेल मिळायच्या आधीच काही ठिकाणच्या घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. मग डास. कमी पडलं की जास्त मारायचं, असा प्रकार सुरू झाला. म्युलर १९६१ साली निवृत्त झाला आणि ओबरविलच्या घरी लॅब थाटून काम करत राहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रेचल कार्सन यांचं सायलेंट स्प्रिंग आलं. डीडीटी चरबीत साठतं, किड्यातून पक्ष्यात, माश्यातून माणसात चढत जातं, हे त्यांनी सामान्य वाचकापर्यंत पोहोचवलं. गरुड आणि ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती, त्याचं कारण हेच असल्याचं नंतर सिद्ध झालं. १३ ऑक्टोबर १९६५ रोजी म्युलर बासेलमध्ये वारला. पुढच्या काही वर्षांत अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या चरबीत डीडीटी सापडल्याचं जाहीर झालं. तिथं कुणी शेती करत नाही. मलेरियाही नाही. ते हवेतून आणि पाण्यातून गेलं होतं.

म्युलर गेल्यानंतरची गोष्ट खरं तर जास्त महत्त्वाची आहे. १९७२ साली अमेरिकेनं डीडीटीचा शेतीतला वापर बंद केला. भारतानं १९८९ मध्ये. पण एकेकट्या देशानं बंदी घालून काय होतं? जी वस्तू वाऱ्यावर बसून पेंग्विनपर्यंत जाते, तिला सीमेवर कोणता पोलीस अडवणार? शेजाऱ्यानं फवारलं की आपल्याकडं आलंच, आणि आपण फवारलं की त्याच्याकडं गेलंच.

शेजाऱ्यांना एकत्र बसावंच लागतं, हे पहिल्यांदा कुठं कळलं? नकाशात परत या. ऱ्हाईन. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी नदीसाठी १९५० मध्येच संयुक्त आयोग काढला होता. युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, एकमेकांची तोंडं बघायची इच्छा नव्हती, पण पाणी एकच होतं. १९७६ मध्ये रासायनिक प्रदूषणासाठी वेगळा करारही झाला. अंमलबजावणी रडतखडत. मग १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत शेतीची रसायनं. आग विझवायला मारलेलं पाणी ती रसायनं घेऊन नदीत उतरलं आणि ऱ्हाईन लाल झाली. शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मरून तरंगत होते. खालच्या शहरांना नदीचं पाणी उचलणं बंद करावं लागलं, आणि शेजारी देशांना वेळेत नीट कळवलंही नव्हतं म्हणून संताप झाला तो वेगळाच. त्यानंतर मंत्री खऱ्या अर्थानं कामाला लागले. १९८७ मध्ये, झायडलरच्या त्याच स्ट्रासबुर्गमध्ये, कृती कार्यक्रम ठरला. वरच्या देशात गळती झाली की खालच्यांना तातडीनं इशारा द्यायचा, कारखान्यांच्या गोदामांचे नियम सगळ्यांनी कडक करायचे, आणि २००० सालापर्यंत नदीत सॅल्मन मासा परत आणायचा. मासा खरंच परत आला. मला हे लक्ष्य फार आवडतं. मिलिग्रॅममध्ये बोलले असते तर कुणाला कळलं असतं?

१९८९ मध्ये घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे नियम करणारा जागतिक करार झाला. कुठं? बासेलमध्येच. त्याला नावही बासेल करार. आणि मे २००१ मध्ये स्टॉकहोम करार. त्याच्या पहिल्या यादीत बारा रसायनं होती, त्यात डीडीटी. या साऱ्यांना मिळून जे नाव दिलंय ते बघा : चिवट सेंद्रिय प्रदूषकं. चिवट! म्युलरच्या यादीतली शेवटची अट, जिच्यासाठी चार वर्षं घालवली, ती आता गुन्ह्याचं पहिलं कलम झाली होती.

तरी डीडीटीवर सरसकट बंदी आली नाही. मलेरियाग्रस्त देशांनी आमच्या लोकांचं काय, असा प्रश्न लावून धरला आणि रोग पसरवणाऱ्या डासांपुरती सूट मिळवली. अट अशी, की सूट हवी असलेल्या देशानं नाव नोंदवायचं आणि दर तीन वर्षांनी किती बनवलं, किती वापरलं याचा हिशेब द्यायचा. भारतानं जानेवारी २००६ मध्ये करार मान्य केला, आणि पुढं कित्येक वर्षं डीडीटी बनवणारा जगातला एकमेव देश म्हणून आपलंच नाव घेतलं जात होतं.

आता नीरी. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून ती नागपुरात सुरू झाली, १९७४ मध्ये सध्याचं नाव मिळालं. एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हाला स्टॉकहोम कराराच्या देशांची बैठक झाली, तिथं नीरीला कराराचं प्रादेशिक केंद्र म्हणून मान्यता मिळाली. याच बैठकीत एंडोसल्फानचं नाव यादीत गेलं, ज्याला भारताचा आधी कडक विरोध होता आणि मग सवलती घेऊन होकार. म्हणजे एका हातानं आपण कुरकुरत होतो आणि दुसऱ्या हातानं शेजाऱ्यांना मदत करायची जबाबदारी घेत होतो. हे मला ढोंग वाटत नाही. ज्या देशाला रसायन हवंही आहे आणि नकोही, त्यालाच शेजाऱ्याची अडचण कळते. केंद्राचं काम दिसायला रटाळ आहे. मातीत, पाण्यात, दुधात ही रसायनं कशी मोजायची याचं आशियातल्या इतर देशांच्या लोकांना प्रशिक्षण, तंत्रज्ञान पुरवणं, क्षमता वाढवणं. पण मोजताच आलं नाही तर भांडायचं कशावर?

शेजाऱ्यांची अडचण किती मोठी असते त्याची दोन उदाहरणं. नेपाळमध्ये मुदत संपलेली सुमारे ७५ टन कीटकनाशकं वर्षानुवर्षं गोदामांत पडून होती. ती सुरक्षित जाळण्याची सोय देशात नाही, म्हणून २०११ मध्ये थेट जर्मनीला पाठवावी लागली. बांगलादेशची गोष्ट तर अजून मोठी. १९८५ साली मलेरियासाठी पाकिस्तानातून जवळपास ५०० टन डीडीटी मागवलं. आल्यावर तपासलं तर दर्जा खराब. वापरायचं नाही, परत जात नाही, जाळता येत नाही. चितगावच्या भरवस्तीतल्या आग्राबादमध्ये, सरकारी औषध गोदामात ते तसंच राहिलं. ३७ वर्षं! १९९१ च्या पुरात पाणी आत शिरलं होतं.

२०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं ते नव्या पिंपांत भरलं, कंटेनरमध्ये चढवलं आणि समुद्रमार्गे फ्रान्सला नेऊन भट्टीत जाळलं. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं गोदामात हे काम महिनोन्‌महिने करत होती. वाटेत ज्या ज्या देशाच्या हद्दीतून माल जाणार, त्या प्रत्येकाची आधी लेखी परवानगी लागते. ती ज्या नियमांखाली मागितली जाते, त्यांवर म्युलरच्या गावाचं नाव आहे.